ग्राफिक्स कार्डावरचं कुंकू

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ऋतिकाने आपल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतले पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला. तिने वायरी काढून पुन्हा लावल्या, एकेक भाग काढून परत बसवला, आठ महिन्यांत शिकलेलं सगळं करून पाहिलं. दहा वाजता ती माझ्या दारात उभी होती आणि स्क्रूड्रायव्हर अजून तिच्या हातातच होता.

"रश्मीमावशी, माझं मशीन मेलं," ती म्हणाली. "उद्या चारला मॅच आहे."

मी पहिल्या मजल्यावर राहते, ती तिसऱ्या. विमा कंपन्यांसाठी जळालेल्या, भिजलेल्या, आपटलेल्या वस्तू तपासणं हे माझं काम. फ्रिज आपोआप जळाला की जाळला, टीव्हीवर खरंच छत गळलं की कोणी बादली ओतली, हे मी बावीस वर्षं ठरवत आलेय. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि मी त्यांचाच चहा पीत ऐकते. त्यामुळे मी खवचट झालेय असं माझी आई म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ऋतिकाचं ते मशीन गाजलेलं होतं. नवा गेमिंग कॉम्प्युटर परवडण्यातला नव्हता, म्हणून पोरीने आठ महिने भाग जमवले. बाहेरचा डबा एका बंद पडलेल्या क्लासमधून आणला, मेमरी कोणाच्या तरी जुन्या मशीनमधली. प्रोसेसर घेतला तो सगळ्यात स्वस्तातला, ज्याला स्वतःहून पडद्यावर चित्र उमटवता येत नाही असा. चित्राचं सगळं काम ग्राफिक्स कार्डाने करायचं, आणि तेही सेकंडहँड. कार्ड गेलं की पडदा काळा.

उद्याच्या मॅचवर तिचं पुढचं वर्ष टांगलेलं होतं. पाच जणांची टीम, घरबसल्या खेळायची पात्रता फेरी. जिंकले तर तीन महिने हैदराबादला शिबिर. नाहीतर सोमवारपासून मामाने ठरवलेली कुरिअर कंपनीतली नोकरी. बाप-लेकीत तसा शब्द झाला होता.

मी वर गेले. तिचे वडील गुणाजीभाऊ खुर्चीत बसले होते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, पण कामावर गेले नव्हते. प्रेमावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"काल बाबांनी मशीनची पूजा केली," ऋतिका म्हणाली. "आत सगळ्या भागांना हळदकुंकू लावलं. मी अंघोळ करून येईपर्यंत लावून मोकळे. टीममधला सौरभपण आता ग्रुपवर म्हणाला, पूजेचं पाणी आत गेलं असणार." मग ती बापाकडे वळली. "तुमच्या पूजेनेच माझी वाट लावली."

"माझ्याच हातान झाला गो," गुणाजीभाऊ म्हणाले आणि खाली बघत राहिले.

त्यांचे वडील गिरणीत साच्याची, म्हणजे मागाची, पूजा करायचे, हे लिफ्टच्या मोटरची करतात. लेकीचं मशीन सुटणार कसं? मी वाकून आत पाहिलं. उभ्या डब्यात कार्ड आडवं बसलं होतं, पाठ वर करून, आणि पाठीवर टिळा होता. ऋतिकाने ते काढून माझ्या हातात दिलं. खालची, पंख्यांची बाजू धुळकट होती, बाकी कोरी. पाठीकडून पाहिलं तेव्हा मी खिडकीच्या उजेडात सरकले. टिळ्यातून एक बारीक लाल ओघळ निघाला होता आणि कार्डाच्या लांबीने सरळ टोकाच्या पत्र्यापर्यंत गेला होता.

माझ्या धंद्यात ओघळासारखा साक्षीदार नाही. तो कधी वर जात नाही आणि कोणाची भीड ठेवत नाही.

"पूजेला डबा कसा ठेवला होता?" मी विचारलं.

ऋतिकाने फोनवर फोटो दाखवला. पाटावर डबा उभा, काच काढलेली, कार्ड आत आडवं, पाठीवर टिळा. हा फोटो तिने गुरुवारी सकाळी टीमच्या ग्रुपवर टाकला होता.

आडव्या कार्डावर ओघळ असा लांबीने धावत नाही. टिळा ओला होता तेव्हा हे कार्ड कुठेतरी भिंतीला टेकून उभं होतं. म्हणजे टिळा लागला तेव्हा ते या डब्यात नव्हतंच.

"ऋतिका, आधी दार लाव," मी म्हणाले. "हे कार्ड तुझं नाही."

२

"माझंच आहे," ती म्हणाली. "हे बघ ना, निलेशच्या दुकानाचं स्टिकर. विकल्याची तारीखपण माझीच."

"स्टिकर त्याचं असेल. कार्ड तुझं नाही. काल पूजेनंतर घरात कोण कोण आलं?"

उत्तर प्रेमावहिनींनी दिलं. या घरात पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत आणि चालवतही नाहीत. त्यामुळे मशीन गुरुवारभर हॉलच्या कोपऱ्यात बंद, उघडंच होतं. संध्याकाळी बाप-लेक सोनं वाटायला बाहेर पडले आणि वहिनी आत पुऱ्या तळत होत्या.

"तेवढ्यात तिघे आले सोनं द्यायला," त्या म्हणाल्या. "एकामागून एक. आधी तो दुकानवाला निलेश, मग टीममधला यज्ञेश, मग आपल्या बी विंगमधला सौरभ. मी म्हटलं, बसा, येतीलच. पण तेलाची कढई सोडून मी काय त्यांच्याशी बोलत बसणार? दहा-पंधरा मिनिटं बसले नि आपट्याची पानं ठेवून गेले."

"पाठीवर सॅक कोणाच्या होत्या?"

"तिघांच्याही. हल्ली कोण मोकळा फिरतो?"

एक स्क्रू, एक खटका, एक वायर. माहितगार माणसाला कार्ड बदलायला तीन मिनिटं पुरतात, असं ऋतिका म्हणाली. तिघेही माहितगार होते.

"तिघांना विचारून टाकू आत्ताच," ती उठलीच.

"विचारलंस तर खरं कार्ड संध्याकाळच्या आत खाडीत असेल. कार्ड बदललंय हे आपल्याला कळलंय, एवढं कोणाला कळता कामा नये."

निलेशचा गाळा स्टेशनजवळच्या बाजारात, एका गल्लीच्या टोकाला. लॅमिंग्टन रोडवरून जुना माल उचलायचा, तपासायचा आणि कॉलेजच्या पोरांना मशिनं जुळवून द्यायची, हा त्याचा व्यवसाय. मी कार्ड काउंटरवर ठेवलं. त्याने टिळा पाहिला आणि हातच लावला नाही.

"हे बघा ताई, सात दिवसांची चेकिंग गॅरंटी असते. पाणी लागलं की ती संपली. लोक मशीनला अंघोळ घालतात नि माझ्या नावाने बोंब मारतात."

"स्टिकर तुझं?"

"माझंच. सही बघा ना."

"नंबर नाही लिहीत कार्डाचा?"

"इतकं कोण लिहीत बसतंय?" तो हसला. "या कंपनीची दोनच कार्डं आली होती माझ्याकडे. दोन्ही एकाच दिवशी गेली. दुसरं झकास चाललंय, काही तक्रार नाही."

"दुसरं कोणी नेलं?"

त्याचं हसू आटोपलं. "एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आपला उसूल आहे. तुम्ही ऋतिकाच्या बिल्डिंगमधल्या विम्यावाल्या ना? माझ्यावर केस टाकताय का?"

"पूजेचा फोटो पाहिला होतास?"

"कुठला फोटो? मी काल संध्याकाळी गेलो तेव्हा प्रत्यक्षच पाहिलं की." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कार्ड उचलून मी निघाले, तेव्हा काचेत दिसलं की तो माझ्याकडेच बघत फोन कानाला लावतोय.

३

यज्ञेश मला गेमिंग कॅफेत भेटला. त्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही, म्हणून तो तासावर खेळतो. टीममधला राखीव खेळाडू. ऋतिका गळाली की तिच्या जागी तोच.

"म्हणजे मीच ना?" मी बसायच्या आत तो म्हणाला. "फायदा माझा, मग चोर मी. निलेशचा फोन आला होता आत्ताच, म्हणाला एक बाई कार्डाचे नंबर विचारत फिरतेय." त्याने सॅक उचलून माझ्यासमोर टेबलावर पालथी केली. हेडफोन, जेवणाचा डबा, एक टी-शर्ट. "बघा. घरपण बघा हवं तर."

"राग कशाचा आहे तुला?"

"राग येणार नाही तर काय? सहा महिने मी बाकावर बसलोय. ऋतिका माझ्यापेक्षा चांगली खेळते हे मला कळतं, मावशी. पण बुधवारी शेवटची प्रॅक्टिस होती, त्यात तरी मला एक राउंड मिळणार होता. तीपण सौरभने ऐन वेळी रद्द केली. म्हणे आमच्या सोसायटीत लाईट गेले."

"आणि काल तू हॉलमध्ये बसलास तेव्हा काय केलंस?"

"मशीन बघत होतो. हात लावला नाही. पूजेतलं होतं ना ते." खोटं बोलणारी माणसं इतकं कमी बोलत नाहीत, पण हा काही पुरावा नव्हे.

तिथून मी बी विंगमध्ये गेले. सौरभ म्हणजे टीमचा कॅप्टन, सव्वीस वर्षांचा, बोलायला मऊ. त्याच्या आईने चहा आणला आणि तो स्वतः शेवेची बशी घेऊन आला. ऋतिकाबद्दल विचारलं तर त्याचे डोळे भरून आले. मला तो मुलगा आवडला हे कबूल करते.

"दोघांची मशिनं सेम आहेत, मावशी. निलेशच्याच सल्ल्याने जुळवली," तो म्हणाला. "माझं उचलून तिला दिलं असतं, खरंच. पण कॅप्टनशिवाय टीम उतरणार कशी? उद्या तीनपर्यंत पाच नावं द्यायची आहेत. नाइलाजाने यज्ञेशचं टाकतोय."

"गुणाजीभाऊंनी पाणी घातलं हे तुला कसं कळलं?"

"पूजा म्हटली की पाणी आलंच ना? मी त्यांना दोष देत नाही, मावशी. भोळी माणसं आहेत."

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा प्रेमावहिनी सोमवारसाठी लेकीच्या ड्रेसला इस्त्री करत होत्या. ऋतिका भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि बाप घरात नव्हता.

"मी ग्रुपवर कळवून टाकलं," ती तशीच म्हणाली. "मी खेळत नाही."

४

शनिवारी सकाळी आठ वाजता मी गुणाजीभाऊंना शोधत गच्चीवर गेले. आमच्या इमारतीची लिफ्ट तेच बघतात. लिफ्टच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते मोटरला ग्रीस लावत होते. मोटरलाही दसऱ्याचं हळदकुंकू होतं.

मी सहज बोट लावलं. बोट लाल झालं, आणि तुळतुळीत.

"गुणाजीभाऊ, दोन दिवस झाले. हे अजून ओलं कसं?"

"ओलं नाय ता. तेलातलं कुंकू आहे. खोबरेल." त्यांनी मान वर केली नाही. "पॅनलजवळ पाणी घेऊन गेलो असतो तर आमच्या उस्तादाने हात मोडला असता. तीस वर्षं मी तेलातच कालवतो."

मी बोट तसंच धरून उभी राहिले. पूजेतलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. गुरुवारी मी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला होते. मला कळत नाही म्हणून मी बोट लावून विचारलं. ज्यांच्या घरात जन्मभर पूजा झाल्या, त्या सगळ्यांनी कुंकू पाण्यातच कालवतात असं धरलं होतं, आणि विचारायची गरज कोणालाच वाटली नव्हती. ऋतिकाला नाही, निलेशला नाही, ज्याने कार्ड बदललं त्यालाही नाही.

मी पिशवीतून कार्ड काढलं. त्यावरचा टिळा नखाने खरवडला तर त्याची कोरडी भुकटी उडाली.

"ऋतिकाच्या मशीनलाही तेलातलंच लावलंत?"

"तेच. एकाच वाटीतलं."

"कार्डाला एकच टिळा?"

"दोन." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिफ्टला लावतो तसे. एक वर, एक खाली. वरचा सगळे बघतात, खालच्या अंगाला भार असतो. कार्डालाही खाली लावला, पत्र्याच्या कडेला, पंख्याला लागणार नाही असा."

मी कार्ड उलटं करून त्यांना दाखवलं. खाली काही नव्हतं.

गुणाजीभाऊंनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उलटंसुलटं पाहिलं.

"पाणी नव्हतंच," मी म्हणाले. "मग काल लेक एवढं बोलली तेव्हा गप्प का राहिलात?"

त्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट, आणि पुन्हा ग्रीसचा डबा उचलला. मीही ताणून धरलं नाही, कारण मला आता वेगळीच घाई होती. बुधवारी संध्याकाळी मी काय करत होते ते मला आठवलं होतं. विहारात नेसायची साडी मी इस्त्री करत होते, चांगला तासभर, आणि आमच्या सोसायटीत लाईट गेलेच नव्हते.

५

बुधवारी बी विंगमध्येही लाईट गेले नव्हते, याची वॉचमनकडे आणि वीज कंपनीत खात्री करून घेण्यात सकाळ गेली. दुपारी दीड वाजता मी ऋतिकाला जिन्यात बसवून सगळं सांगितलं. गुणाजीभाऊ एक पायरी वर उभे राहून ऐकत होते.

"हे मेलेलं कार्ड आलं कुठून, इथून सुरू कर," मी म्हणाले. "निलेशच्या सहीचं, तुझ्याच तारखेचं. अशी कार्डं दोनच होती. एक तुझं. म्हणजे हे दुसरं, आणि ते ज्याचं होतं त्याच्याच हातात ते मेलं. यज्ञेशकडे मशीनच नाही, त्याच्याकडे कार्ड कुठून असणार? निलेशकडची दोन्ही विकली गेली होती. आणि टिळा आधी लावून, वाळवून आणलेला होता. त्यासाठी फोटो पाहायला हवा. निलेश तुमच्या ग्रुपवर नाही. फोटोत वरचा टिळा दिसतो, खालचा दिसत नाही, आणि तेल की पाणी हेही कळत नाही. म्हणून बनवणाऱ्याने वरचाच बनवला आणि पाण्यात बनवला. आता सांग, तुझ्यासारखंच मशीन कोणाकडे आहे? आणि बुधवारी न गेलेले लाईट कोणाचे गेले?"

ऋतिकाच्या ओठांवर नाव आलं होतं, पण तिला ते उच्चारवेना. "तो कॅप्टन आहे," ती म्हणाली. "त्यानेच मला टीममध्ये घेतलं, मावशी."

"म्हणून तर त्याला तुझ्या घरात पंधरा मिनिटं एकट्याला बसू दिलं."

माझं चुकलं असतं तर पोरीची मॅच तर जाणारच होती, वर तिचा मित्रही जाणार होता. बी विंगचा जिना चढताना मी सगळं पुन्हा एकदा मनात ताडून पाहिलं.

सौरभने दार उघडलं. तिघांना बघून तो एक पाऊल मागे सरकला, मग हसला. मी म्हटलं, निलेशच्या त्या कार्डांत दोष दिसतोय, तुझंही मॅचआधी बघून घेऊ.

"बघा ना, मावशी," तो म्हणाला आणि स्वतःच मशीनची काच काढली. त्याला कसलीच भीती नव्हती. कार्डाची पाठ लख्ख होती. आजूबाजूला कित्येक महिन्यांची धूळ आणि मधे तेवढं एकच कार्ड पुसून काढलेलं.

"बघितलंत? व्यवस्थित आहे."

मी गुणाजीभाऊंकडे पाहिलं. ते गुडघ्यावर बसले, मशीन बंद केलं, वायर काढली. मग हात आत घालून कार्डाच्या खालून, पत्र्याच्या कडेने एक बोट फिरवलं. बोट बाहेर आलं तेव्हा ते लाल होतं. त्यांनी ते अंगठ्याने चोळलं आणि नाकाशी नेलं.

"खोबरेल," ते म्हणाले.

सौरभ पलंगाच्या कडेवर बसला. आतून त्याच्या आईने विचारलं, चहा ठेवू का.

"मंगळवारी माझं गेलं," शेवटी तो म्हणाला. "निलेशला कारण न सांगता दुसरं मागितलं, तर म्हणाला, दिवाळीनंतर मिळेल. तीन वर्षं ही टीम मी उभी केलीय. मी सव्वीसचा आहे, मला परत कोण घेणार? ती बावीसची आहे, तिला पुढच्या वर्षी मिळेल. मॅच झाली की मी गुपचूप परत लावणार होतो, शपथ."

"आणि पाणी?" ऋतिकाने विचारलं. "पूजेचं पाणी गेलं असं पहिलं कोण बोललं?"

तो पलंगावरची चादर सरळ करू लागला.

"कार्ड नेलंस ते कदाचित मी विसरेनही," ती म्हणाली. "पण काल मी माझ्या बापाला काय काय बोलले माहीत आहे तुला? ते तू माझ्या तोंडून वदवलंस."

सौरभने खाली मान घातली. "टीमला सांगू नकोस ना, प्लीज."

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तीन वाजता नावं बंद होणार होती.

"फोन दे तुझा," ऋतिका म्हणाली. "मी नाही सांगत. तूच सांगायचंस, आत्ता, माझ्यासमोर. आणि पाचवं नाव यज्ञेशचं टाक. तुझ्या जागी."

६

यज्ञेश कॅफेतूनच खेळायला बसला. तीन वाजायला चार मिनिटं असताना नावं गेली. सव्वातीनला ऋतिका आपल्या मशीनसमोर होती आणि कार्ड तिच्या हातात होतं.

"बाबा, तुम्ही बसवा," ती म्हणाली.

"माझ्यान नाय होणार," ते म्हणाले. त्यांनी हात मागे घेतले.

"बाबा, माझं चुकलं. कालचं सगळं चुकलं. बसवा ना."

त्यांनी बसवलं. स्क्रू आवळला, वायर लावली. तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा. एक, दोन, तीन, मी मनात मोजत होते. मग चित्र आलं. प्रेमावहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

चारला मॅच सुरू झाली तेव्हा गुणाजीभाऊ बाहेर जिन्यात जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले. आतून ऋतिकाचा आवाज येत होता, भराभर, कोणाला डावीकडे जा, कोणाला थांब. कॅप्टन नव्हता, त्यामुळे तीच सगळ्यांना चालवत होती.

अर्ध्या तासाने ते आपणहून म्हणाले, "सकाळी तुम्ही विचारलं होतंत. गप्प का बसलो."

"हो."

"पाणी घालूक नाय, ह्या माका ठाऊक होता. पहिल्यापासून." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "शुक्रवारी तिने बटण दाबलं नि पडदा काळा राहिला. तेव्हा माका बरा वाटला, रश्मीताई. एक घटकाभर. म्हटलं, आता पोर हैदराबादला जात नाही. सोमवारी कामाला लागेल, संध्याकाळी घरी येईल. मग ती रडायला लागली आणि माझी माकाच किळस आली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही केलंत. म्हटलं, हाताने नसेल, पण मनाने केलंच की. मग कोणत्या तोंडाने सांगू की पाणी नव्हतं?"

न झालेलं नुकसान दाखवणारी आणि केलेलं नाकारणारी माणसं मी बावीस वर्षं पाहतेय. न केलेलं आपणहून अंगावर घेणारा हा पहिलाच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाच वाजून गेले. आतला आवाज एकदम थांबला. आम्ही दोघेही उठून उभे राहिलो. दार उघडलं, ऋतिका बाहेर आली. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"जिंकलो, बाबा," ती म्हणाली.

जुनी खोड, मी तिच्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आनंदच होता, आणि त्यांनी आवरायच्या आत डोळ्यांतून पाणी आलं. ती धावत येऊन त्यांना बिलगली. बऱ्याच वेळाने त्यांनी तिला हलकेच दूर केलं आणि पायरीकडे बोट दाखवलं.

"बस हंय. तुका एक सांगूचा आसा."

ती बसली. मी जिना उतरून माझ्या घरी आले आणि दार लावून घेतलं.